गाडीतील पंखा बंद पडतो तेव्हा

हिवाळ्यात भल्या पहाटे भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाने ज्यांना गाडी हाकावी लागली असेल, त्यांना आजच्या विषयाचे महत्त्व निराळे पटवून देण्याची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा काही दिवस आठ-दहा अंशांपर्यंत खाली येतो. थंडीमुळे आपण गाडीच्या काचा लावून घेतो, आत चार माणसे बसलेली असतात, आणि पाच-दहा मिनिटांतच समोरची काच आतल्या बाजूने पांढुरकी होऊ लागते. रस्ता पुसट होतो, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दोन मोठे डाग बनून पसरतात, आणि चालक एका हाताने चक्र धरून दुसऱ्या हाताने काच पुसू लागतो. अशा वेळी डॅशबोर्डातून काचेवर उबदार हवा सोडणारा जो लहानसा पंखा असतो, ज्याला आपण सारेच ‘ब्लोअर’ म्हणतो, तो काय कामाचा आहे हे कळते. तो चालू असतो तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद पडला म्हणजे मात्र डोळ्यांपुढे अक्षरशः धुके येते.

माझ्यावर असा प्रसंग दोन हिवाळ्यांपूर्वी आला. घरची मंडळी घेऊन मी पहाटे नर्मदापुरमला, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादला, निघालो होतो. ओबेदुल्लागंज यायच्या आत पंखा थांबला. सौभाग्यवती पदराने काच पुसत होत्या आणि मी जेमतेम बैलगाडीच्या वेगाने पुढे सरकत होतो. शेवटी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली आणि ऊन पडेपर्यंत तेथेच बसून राहिलो. परत आल्यावर एका दुरुस्तीवाल्याकडे गाडी नेली. त्याने पाहताक्षणीच मोटर जळाली असल्याचे सांगितले, नवी बसविली आणि पैसे घेतले. तीन आठवड्यांनी पंखा पुन्हा थांबला. जुनी मोटर मी सुदैवाने मागून घेतली होती. आमच्या शेजारच्या काकांनी, ज्यांची सारी हयात विजेच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेली, ती बॅटरीला जोडून पाहिली, तो ती उत्तम फिरू लागली! दोष मोटरीत नव्हताच. तो तिच्याकडे वीज नेणाऱ्या एका काळ्या पडलेल्या जोडात होता. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे आणि आज तीच आपल्यापुढे मांडावयाची आहे. न फिरणारी मोटर ही मेलेली मोटर असतेच असे नाही. आणि ती खरोखर मेलेली असली, तरी ती कशाने मेली हे विचारल्यावाचून नवी बसवू नये.

प्रथम या पंख्याचे काम नीट समजून घेऊ. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असतानाही श्वासातून व त्वचेतून तासाला सुमारे ४० ते ५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकीत असतो. चार माणसांचे मिळून तासाभरात पेलाभर पाणी गाडीतल्या हवेत मिसळते. ही दमट हवा थंड काचेला टेकली की तिच्यातील वाफेचे सूक्ष्म थेंब काचेवर जमतात. उपाय दोन आहेत : काच उबदार करावी किंवा हवा कोरडी करावी. काच उबदार करण्यासाठी इंजिनाचीच उष्णता वापरतात. इंजिन थंड राखणारे पाणी, ज्यात कूलंट मिसळलेले असते, सुमारे ८० ते ९५ अंशांपर्यंत तापते. त्यातील काही भाग डॅशबोर्डामागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरविला जातो, आणि पंखा त्यावरून हवा ढकलून ती काचेवर व पायांपाशी सोडतो. गाडीत वातानुकूलन असेल तर तोच पंखा थंड नळ्यांवरूनही हवा नेतो. तेथे हवेतील पाणी गळून पडते आणि कोरडी हवा काचेवर येते.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, उष्ण हवेचा पंखा आणि थंड हवेचा पंखा असे दोन पंखे नसतात. पंखा एकच असतो. भोपाळच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा हाच पंखा दोन-तीन महिने पूर्ण वेगाने धूळ ओढीत फिरत असतो. पावसाळ्यात तो ओलावा सोसतो. अशा रीतीने त्याची झीज उन्हाळ्या-पावसाळ्यात होते आणि तक्रार मात्र पुष्कळदा हिवाळ्यात उमगते.

आता दोषाचा शोध. पहिला प्रश्न असा विचारावा : हवा येते, पण गरम येत नाही, की हवाच येत नाही? हे दोन अगदी निराळे रोग आहेत. हवा जोरात येते पण थंड असते, तेव्हा पंखा निर्दोष असतो. मग कूलंट कमी झाले आहे काय, थर्मोस्टॅट उघडाच राहून इंजिन तापत नाही काय, गरम पाण्याची वाट किंवा हवेची झडप अडकली आहे काय, हे पाहावे. कूलंट पाहण्यासाठी रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कदापि उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. परंतु हवाच येत नसेल, तर शोध विजेच्या वाटेवर करावयाचा.

ही वाट फार लांब नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते, तेथून बहुधा रिलेमधून मोटरीकडे जाते. वेग कमी-जास्त करण्यासाठी वाटेत एक रोधक, म्हणजे रेझिस्टन्स, असतो. आणि शेवटी गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, ज्याला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात, ती बॅटरीकडे परत येते. या वाटेवर कोठेही खंड पडला तर पंखा थांबणारच. मोटर हा या साखळीतील एक दुवा आहे, आणि सगळ्यांत महाग दुवा आहे. म्हणून शोध स्वस्त दुव्यांपासून महागाकडे न्यावा. उलट नेऊ नये.

कोणतेही हत्यार हाती घेण्यापूर्वी वेगाचे बटण एकेका टप्प्यावर फिरवून पाहावे आणि कान द्यावा. घरातील छताच्या पंख्याचा जुना, पेटीसारखा रेग्युलेटर आपल्या परिचयाचा आहे. त्यात तारेच्या गुंडाळ्या असत. पहिल्या टप्प्यावर वीज सगळ्या गुंडाळ्यांतून जाई आणि शेवटच्या टप्प्यावर एकीतूनही न जाता थेट पंख्याकडे जाई. साध्या गाड्यांतील रोधकाची रचना अशीच असते. म्हणून पंखा फक्त शेवटच्या टप्प्यावर फिरत असेल आणि बाकीच्या टप्प्यांवर स्तब्ध राहात असेल, तर मोटर ठणठणीत आहे आणि रोधक जळाला आहे असे खुशाल समजावे. त्याची किंमत मोटरीच्या मानाने थोडी असते. ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखण्याची सोय असते, तेथे रोधकाच्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो बिघडला तर सगळेच टप्पे एकदम बंद पडू शकतात. हा भेद ध्यानात असू द्यावा.

एकाही टप्प्यावर हालचाल नसेल तर फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास तितक्याच अँपिअरचा दुसरा लावावा. तोही लगेच जळाला तर पुढे कोठे तरी वायर उघडी पडून सांगाड्याला टेकली आहे, किंवा मोटर जाम झाली आहे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवून काम भागविण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती घातक आहे. फ्यूज हा विजेच्या वाटेवरचा पहारेकरी आहे. त्याला बाजूला सारले तर जळण्याची पाळी वायरिंगवर येते, आणि ते डॅशबोर्डाच्या आत, प्रवाशांच्या गुडघ्यांपाशी असते.

फ्यूज शाबूत असेल तर मोटरीपाशी जावे. आपल्याकडील, उजवीकडे चक्र असलेल्या बहुतेक गाड्यांत ती डावीकडे, पुढे बसणाऱ्या प्रवाशाच्या पायांच्या वर, सामान ठेवण्याच्या खणामागे असते. बटण पूर्ण वेगावर ठेवून मोटरीच्या कवचावर पेचकसाच्या मुठीने हलकेच दोन-तीन टिचक्या माराव्यात. पंखा अडखळत फिरू लागला तर आतील कार्बन ब्रश झिजलेले आहेत. ती मोटर आज चालेल, उद्या थांबेल. तिच्यावर विसंबून दूरच्या प्रवासाला निघू नये. फिरताना कर्णकर्कश चीत्कार येत असेल तर बुश कोरडे पडले आहेत. वेगाबरोबर वाढणारा खडखडाट किंवा फडफड ऐकू येत असेल, तर मोटरीला दोष देण्याआधी पंख्याच्या चाकात वाळलेले पान किंवा उंदराने ओढून आणलेली चिंधी अडकली आहे काय ते पाहावे. जळका वास आला तर मात्र बटण तत्काळ बंद करावे.

यानंतरची परीक्षा निर्णायक होय. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. बंद जागेत इंजिन चालविले तर विषारी धूर कोंडतो. बटण पूर्ण वेगावर ठेवावे आणि मोटरीचा जोड तसाच लावलेला असताना, त्याच्या मागच्या बाजूने दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. सुमारे १२ व्होल्ट मिळत असूनही मोटर निश्चल असेल तर ती खरोखरच निकामी झाली आहे. व्होल्टेज मिळतच नसेल किंवा फारच कमी मिळत असेल, तर मोटर निरपराध आहे. दोष अलीकडे किंवा अर्थच्या जोडात आहे. जोड काढून, मोकळ्या टोकांवर व्होल्टेज मोजून निकाल देण्याची चूक पुष्कळजण करतात. गंजलेल्या जोडातूनही मोकळ्या टोकावर १२ व्होल्ट दिसतात; मोटर प्रवाह ओढू लागली की ते कोसळतात. ज्याच्यापाशी मीटर नसेल त्याने मिस्त्री वापरतात तो साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प वापरावा. दिवा लख्ख लागतो की मिणमिणतो, यावरूनही बराच उलगडा होतो. शेवटी मोटर काढून, मध्ये फ्यूज घातलेल्या वायरीने बॅटरीला थेट जोडून पाहिली म्हणजे शंकेला जागाच उरत नाही. आमच्या काकांनी केले ते एवढेच.

आता जोड काळा का पडतो आणि वितळतो कशाने, हे पाहणे अगत्याचे आहे, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. भोपाळकरांना विजेची मोटर परकी नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. १९७४ मध्ये ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली आणि ‘भेल’ हे नाव सर्वतोमुखी झाले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वस्त्या त्याच कारखान्याच्या आधाराने वाढल्या. रेल्वे इंजिनांची चाके फिरविणाऱ्या मोटरी येथे वर्षानुवर्षे तयार होत आल्या आहेत. जुन्या डीझेल इंजिनांतील त्या अवजड मोटरीत आणि गाडीतील पंख्याच्या मुठीएवढ्या मोटरीत तत्त्व एकच : चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारी तारेची गुंडाळी, तिला वीज पोहोचविणारे कार्बनचे ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर. काही नव्या गाड्यांत ब्रश नसलेल्या मोटरी आल्या आहेत; पण साध्या गाड्यांतून अजून ब्रशचीच मोटर आढळते.

फिरणाऱ्या मोटरीची एक खुबी अशी की, ती फिरता फिरता स्वतःच उलट दाब निर्माण करते आणि बॅटरीच्या दाबाला विरोध करते. उदाहरणादाखल असे धरू की गुंडाळीचा रोध अर्धा ओहम आहे आणि पूर्ण वेगावर उलट दाब ७ व्होल्ट आहे. मग १२ पैकी ५ व्होल्टच उरतात आणि १० अँपिअर प्रवाह वाहतो. आता पान अडकून किंवा बुश कोरडे पडून मोटर जाम झाली असे समजा. उलट दाब नाहीसा होतो, सगळे १२ व्होल्ट त्या अर्ध्या ओहमवर पडतात आणि प्रवाह २४ अँपिअर होतो. फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर तो जळत नाही; वायरी आणि जोड मात्र तापत राहतात. जोडाच्या पात्यांवर गंज चढून तेथे पाव ओहमचा रोध निर्माण झाला, तर नेहमीच्या १० अँपिअरमध्येसुद्धा त्या नखाएवढ्या जागेत २५ वॅट उष्णता साठते. डाग देण्यासाठी वापरतात त्या लहान सोल्डरिंग आयर्नमध्ये साधारण इतकीच शक्ती असते. मग प्लॅस्टिक वितळले तर नवल ते काय? जोड एकदा काढून पुन्हा बसविला की पाती घासली जाऊन काही दिवस काम चालते. आणि नव्या मोटरीमुळेच पंखा सुरू झाला असा भ्रम होतो. माझी फसगत झाली ती नेमकी येथे.

मोटर खरोखरच निकामी ठरली तर ती बदलण्याचे काम अवघड नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र ते आपण करू नये. प्रथम चावी काढावी, बॅटरीचा ऋण टोकाचा जोड पान्याने सोडवावा आणि काही मिनिटे थांबावे. कारण आजच्या गाड्यांत डॅशबोर्डात एअरबॅग असते. तिच्या वायरी व जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावू नये. मग सामानाचा खण काढावा, मोटरीचा जोड खिट्टी दाबून सोडवावा. वायर धरून ओढू नये. मोटर बहुतेक ठिकाणी तीन स्क्रूंवर बसविलेली असते. शेवटचा स्क्रू काढताना खालून हाताचा आधार द्यावा, आणि ती कोणत्या दिशेने बसली होती याची खूण आधीच करून ठेवावी. मोटरीला गार ठेवणारी रबरी नळी असेल तर ती हलकेच सोडवावी.

नवी मोटर जुनीशेजारी ठेवून ताडून पाहावी : दांड्याची लांबी, चाकाचा व्यास, स्क्रूंच्या जागा, जोडाचा आकार आणि फिरण्याची दिशा. दिशेची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण या पिंजऱ्यासारख्या चाकाचा गुण असा की, ते उलट फिरले तरी हवा त्याच वाटेने येते, फक्त मंद येते. त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. चाकावर तोल साधण्यासाठी लहान चिमटे लावलेले असतात. ते कचरा समजून काढू नयेत. मोटर बसविण्यापूर्वी घरातील पाने व धूळ काढावी, चाक हाताने फिरवून कोठे घासत नाही ना हे पाहावे, स्क्रू आधी हातानेच लावावेत, आणि बॅटरी जोडल्यावर सर्व टप्पे तपासावेत.

इतके झाले म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. जुनी मोटर कशाने गेली या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे असते. बॉनेटच्या मागे, काचेच्या तळाशी, जाळीखाली पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाट असते. गाडी कडुनिंबाखाली किंवा पिंपळाखाली उभी राहात असेल, तर पाने साचून ती वाट बुजते. भोपाळच्या पावसाळ्यात तुंबलेले पाणी मग पंख्याच्या घरात उतरते. ती वाट मृगापूर्वी एकदा साफ करावी. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल तर बदलावा. रोधक हवेच्या झोतातच गार होत असल्यामुळे झोत मंदावला की तो जळतो. आणि तापून काळा पडलेला जोड नुसता घासून न लावता नवा बसवावा.

प्रवासातच पंखा थांबला तर काय करावे? दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघडाव्यात, आतलीच हवा फिरविण्याची कळ बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि तिचा रोख काचेकडे ठेवावा. गाडी चालत असताना थोडी हवा आपोआप आत शिरते. वातानुकूलन चालू ठेवू नये, कारण पंख्यावाचून त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. एवढ्याने काच स्वच्छ झाली नाही तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करावी. उशीर होईल तो सोसावा.

पूर्वीच्या कित्येक गाड्यांत असा पंखा नव्हताच, आणि लोक फडक्याने काच पुसत प्रवास करीत. त्या काळी रस्त्यावर वाहने थोडी होती आणि वेगही बेताचा होता. आजच्या रस्त्यावर चालकाला क्षणभरही आंधळे होणे परवडणारे नाही. म्हणून हा पंखा केवळ सुखसोयीची वस्तू समजू नये. ब्रेक आणि दिवे यांच्याच पंक्तीला तो बसविला पाहिजे. त्याची चौकशी हिवाळा लागण्यापूर्वी, अंगणात, दिवसाउजेडी करावी. आणि कोणी मोटर जळाल्याचे सांगितले, तर नम्रपणे एवढेच म्हणावे की, आधी ती बॅटरीला जोडून दाखवा, आणि बदललीत तर जुनी मला परत द्या.